तो आहेच तसा

कौटुंबिक न्यायालयात विवाह समुपदेशक म्हणून काम करत असताना घटस्फोटाच्या अर्जांत एक वाक्य थोड्याफार फरकानं पुन्हा पुन्हा वाचायला मिळायचं : ‘जाबदार ही मानसिकदृष्ट्या आजारी असून ही बाब लग्नापूर्वी अर्जदारापासून लपवून ठेवण्यात आली.’ हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13 मध्ये घटस्फोटाची जी कारणं दिली आहेत, त्यांत मानसिक आजार आहे. पण आजार नुसता असून भागत नाही. त्या माणसाबरोबर नांदण्याची अपेक्षाच ठेवता येऊ नये, अशा प्रकारचा आणि इतक्या प्रमाणातला तो असावा लागतो. सर्वोच्च न्यायालयानं 1988 साली रामनारायण गुप्ता यांच्या खटल्यात हेच स्पष्ट केलं. स्किझोफ्रेनिया हे नाव उच्चारलं म्हणून घटस्फोट मिळत नाही, आजार किती आणि त्याचा सहजीवनावर परिणाम काय, हे सिद्ध करावं लागतं. वकिलांना हे ठाऊक असतं. तरीही ते वाक्य अर्जात येतच राहतं, कारण त्याचा उपयोग निकालापेक्षा तडजोडीच्या वेळी जास्त होतो.

एका अर्जाबरोबर फुलस्केपची दोन पानं जोडलेली होती. सुनेच्या ‘लक्षणांची’ यादी सासूबाईंनी सांगितली होती आणि धाकट्या दिरानं सुवाच्य अक्षरात उतरवून घेतली होती. रात्री अकराला घासलेली भांडी पुन्हा घासते. पाहुणे आले की आतल्या खोलीत जाऊन बसते. कुंडीतल्या झाडांशी बोलते. हळदीकुंकवाला बोलावलं तर जात नाही. पेपरातली शब्दकोडी कापून वहीत चिकटवते. घरात सगळे हसत असले तरी हसत नाही. सोबत पुरावा म्हणून एक चिठ्ठी होती. बाळंतपणानंतर झोप लागत नव्हती, तेव्हा गल्लीतल्या डॉक्टरांनी पाच दिवसांसाठी दिलेल्या गोळीची.

ती माझ्यासमोर बसली तेव्हा पर्समधून रुमाल काढून तिनं टेबलाची कड पुसली आणि मग हात ठेवले. भांड्यांना साबणाचा वास राहतो, तो मला सहन होत नाही, म्हणाली. झाडांना पाणी घालताना कोणीही दोन शब्द बोलतंच की. आणि माणसांचं म्हणाल तर मॅडम, फार माणसं असली की मला थकायला होतं, माहेरीसुद्धा मी अशीच होते. “बघायला आले तेव्हा मी स्पष्ट सांगितलं होतं की मी फार बोलत नाही. सासूबाई म्हणाल्या, बरंच झालं, आम्हाला शांत मुलगीच हवी.”

बघण्याच्या कार्यक्रमात जो गुण होता, तो चार वर्षांनी रोग झाला. मधल्या काळात तिच्यात काही बदललं नव्हतं. बदलली होती ती घराची गरज. नणंदेचं लग्न होऊन ती गेली, येणाऱ्याजाणाऱ्यांचं करायला, चार जणांत मिसळायला माणूस हवं झालं आणि ते हिच्याच्यानं होईना.

तिच्या संमतीनं सरकारी रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांनी तिला तपासलं. कोणताही आजार दिसत नाही, असा अहवाल आला. तरी अर्जातलं वाक्य तसंच राहिलं. माहेरी धाकटी बहीण लग्नाची होती, आणि ‘पुढच्या तारखेला पुन्हा तपासणीचा अर्ज देऊ’ एवढं ऐकलं तरी वडिलांचा चेहरा उतरायचा. अशी तपासणी करायला लावण्याचा अधिकार न्यायालयाला आहे, पण त्यासाठी समोर सबळ आधार असला पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयानं 2003 साली शारदा विरुद्ध धर्मपाल या निकालात म्हटलेलं आहे. तो भेद वडिलांना समजावून सांगितला तरी त्यांची भीती गेली नाही. शेवटी परस्परसंमतीनं वेगळं व्हायचं ठरलं. अटींची चर्चा सुरू झाली तेव्हा ती म्हणाली, “पोटगीचं नंतर बघू. आधी ते वाक्य काढा.”

त्या कामात एक गोष्ट माझ्या फार लवकर लक्षात आली. जेवणाचं ताट भिरकावणारा, वर्षानुवर्षं भावाशी अबोला धरणारा, दिवाळीच्या दिवशी क्षुल्लक कारणावरून घर डोक्यावर घेणारा नवरा असेल, तर घरचे सांगत, ‘तापट आहे, पण मनानं चांगला आहे.’ सासरे दिवसातून तीन वेळा कुलूप ओढून पाहत, तर ते ‘शिस्तीचे’. घरात ज्याचं चालतं, त्याच्या विचित्रपणाला आपण स्वभाव म्हणतो. ज्याचं चालत नाही, त्याचा तेवढाच विचित्रपणा डोक्यावर परिणाम झाल्याचा ठरतो. पुरुषाच्या संतापाला मानसिक आजार म्हणणारा अर्ज माझ्या पाहण्यात जवळजवळ आलाच नाही. बायका छळ म्हणून तक्रार करत, आणि ते योग्यच होतं. पण शांत, एकलकोंड्या, आपल्याच नादात असणाऱ्या बाईला ‘मेंटल’ म्हणायला घरातल्या कोणाचीही जीभ अडखळत नसे.

हे फक्त आपल्याकडचं नाही, आणि फक्त अडाणी माणसांनी केलेलंही नाही. अमेरिकेतल्या सॅम्युएल कार्टराइट नावाच्या डॉक्टरनं 1851 साली एका नव्या मनोविकाराचं वर्णन प्रसिद्ध केलं. गुलाम मालकाकडून पळून जातात, तो म्हणे एक आजार. त्याला त्यानं ‘ड्रॅपेटोमेनिया’ असं भारदस्त नाव दिलं आणि त्यावर उपायही सुचवले. समलैंगिकता ही अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत 1973 पर्यंत विकार म्हणून होती. जागतिक आरोग्य संघटनेनं ती आपल्या यादीतून काढली 1990 साली. म्हणजे मी कॉलेजात शिकत होते, तेव्हाही जगाच्या अधिकृत पुस्तकात ती आजारांतच मोडत होती. विज्ञान स्वतःची चूक सुधारतं, ही त्यातली चांगली बाजू आहे. पण ती सुधारणा होईपर्यंत ज्यांचं आयुष्य त्या नावाखाली गेलं, त्यांना ते परत मिळत नाही.

माझ्या माहेरी, लांजा तालुक्यातल्या गावी, भाऊकाका होते. वडिलांचे चुलतभाऊ. लग्न केलं नाही, नोकरी केली नाही, आणि आयुष्यभर पाऊस मोजला. खळ्याच्या कडेला, झाडांची सावली पडणार नाही अशा जागी दगडांच्या चौथऱ्यावर एक सरळ काचेची बरणी, तिच्या तोंडात बरणीएवढंच रुंद नरसाळं. वेधशाळेचा पाऊस सकाळी साडेआठला मोजतात हे त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं, म्हणून तेही बरोबर साडेआठला पट्टी घेऊन बाहेर पडत. वर इरलं, हातात पट्टी. आकडा मोठ्यानं एकदा म्हणत, मग पडवीत येऊन शाळेच्या शंभरपानी वहीत लिहीत. त्या मुलखात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, त्यामुळे जून ते सप्टेंबर त्यांना उसंत नसे. उरलेले आठ महिने जुन्या वह्यांतल्या बेरजा तपासण्यात जात.

ते कोणासमोर जेवत नसत. आजी त्यांचं पान मागच्या पडवीत मांडून ठेवी आणि निघून येई. कुकरची शिट्टी झाली की दोन्ही कान धरून खळ्यात जाऊन उभे राहत. गणपतीला मुंबईहून चाकरमानी आले, घर भरलं की पाच दिवस त्यांचा मुक्काम मांगरात. नजरेला नजर देत नसत, पण आम्हा मुलांपैकी कोणी पाऊस विचारला तर 1964 च्या जुलैत कुठल्या दिवशी किती झाला, हे वही न उघडता सांगत. गावात त्यांना ‘पावसाळी भाऊ’ म्हणत. चेष्टा होती त्यात, पण जागाही होती. नांगरणीच्या वेळी, भात लावायच्या आधी कोणी ना कोणी येऊन विचारून जाई, गेल्या वर्षी या दिवसापर्यंत किती झाला होता.

त्या जागेचं मी उगाच कौतुक करणार नाही. माझ्या आतेबहिणीच्या लग्नाचं जमत आलेलं स्थळ एकदा मोडलं, मध्यस्थानं आडून विचारलं होतं, “तुमच्याकडे कोणी ‘तसे’ आहेत म्हणतात.” आजीनं सरळ उत्तर दिलं, “तो जन्मापासून तसाच आहे. पाऊस मोजतो. कोणाला त्रास नाही.” ते पुरलं नाही. घराण्यात वेड असल्याची धास्ती किती खोल जाते, ते जयवंत दळवींच्या ‘बॅरिस्टर’मध्ये मराठी प्रेक्षकांनी पाहिलंच आहे. आणि जुनी एकत्र कुटुंबं विचित्र माणसांना सामावून घेत, असं म्हणताना तीच कुटुंबं आजारी माणसांना खांबाला बांधूनही ठेवत, हे विसरता येत नाही. तमिळनाडूतल्या एर्वाडी इथे 2001 च्या ऑगस्टमध्ये आग लागली, तेव्हा साखळदंडांनी बांधलेले 28 मनोरुग्ण जळून मेले. त्यांना तिथे घरच्यांनीच आणून सोडलेलं होतं.

तरीही एक फरक राहतोच. भाऊकाकांना मागची पडवी होती, मांगर होता, खळं होतं. आज तसाच माणूस दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये असेल तर कुकर आणि तो यांच्यात सात-आठ फुटांचं अंतर असेल, जेवायला दुसरी जागा नसेल. नोकरीत त्याला भिंती नसलेल्या कार्यालयात चाळीस जणांत बसावं लागेल, आठवड्याला सगळ्यांसमोर बोलावं लागेल, ‘टीम’मध्ये हसून खेळून राहावं लागेल. ज्या गोष्टीला डॉक्टर कार्यक्षमतेतला अडथळा म्हणतात, ती निम्मी माणसात असते आणि निम्मी त्याच्या भोवतालात. भोवताल अरुंद झाला की तोच माणूस जास्त आजारी दिसू लागतो. हा हिशोब निदान करताना मांडला जात नाही, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

अशा माणसांची बाजू घ्यायची म्हटली की आपण लगेच मोठी नावं काढतो. इतिहासाचार्य राजवाडे तर हाताशीच आहेत. तरुणपणी पत्नी गेली, पुन्हा लग्न केलं नाही, जुन्या दप्तरांसाठी गावोगाव पायपीट केली, मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे 22 खंड उभे केले. स्वभाव असा की स्वतः उभारलेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाशीही पटलं नाही, पुणं सोडून धुळ्याला गेले. हल्ली अशा थोरांना मरणोत्तर निदानं चिकटवण्याची हौस वाढली आहे. न्यूटनला हा विकार होता, आइन्स्टाइनला तो. ज्याला तपासता येत नाही, विचारता येत नाही, त्याचं निदान कुठलाही जबाबदार डॉक्टर करणार नाही. पण राजवाड्यांचं उदाहरण मला आणखी एका कारणानं पुरेसं वाटत नाही. विक्षिप्तपणाची किंमत 22 खंडांनी चुकवता आली म्हणून तो माफ, असा त्याचा अर्थ निघतो. भाऊकाकांच्या वह्यांतून काहीही निघालं नाही. तालुक्याच्या पावसाची नोंद सरकार ठेवतच होतं, तीही जास्त चांगल्या उपकरणानं. त्यांना त्यांच्या पद्धतीनं जगू द्यायला त्या वह्या उपयोगी असण्याची गरज नव्हती. कर्तृत्ववान विचित्र माणसाला समाज उशिरा का होईना, सांभाळून घेतो. खरी परीक्षा होते ती ज्याच्या हातून काहीच मोठं घडत नाही, अशा माणसाच्या बाबतीत.

आता दुसरी बाजू, आणि ती मला तितकीच महत्त्वाची वाटते. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबात मुलगा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला होता. मित्र तुटले, आंघोळ सुटली, खोलीच्या खिडकीला त्यानं वर्तमानपत्रं चिकटवली. जेवण आणलं की आधी आईनं खावं असा त्याचा आग्रह, कारण अन्नात काहीतरी घालतात. आईवडील जो येईल त्याला सांगत, “पहिल्यापासून अबोल आहे हो. तो आहेच तसा.” दोन वर्षं गेली. मधे एका देवस्थानाला फेऱ्या झाल्या, कोणीतरी ‘बाहेरचं’ आहे म्हणून सांगितलं, तेही करून झालं. अखेरीस मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं तेव्हा स्किझोफ्रेनियाचं निदान झालं. या आजारात उपचाराला जितका उशीर, तितकं सावरणं अवघड. तो आज औषधांवर बराच स्थिर आहे, वडिलांच्या दुकानात हिशोब पाहतो, पण शिक्षण गेलं ते गेलंच.

अबोल असणं आणि अबोल होणं यांत अंतर आहे. तो मुलगा लहानपणापासून तसा नव्हता, दीड वर्षात तसा झाला होता, आणि आतून भेदरलेला होता. हे आईला कळलं नाही, असं मला वाटत नाही. कळलं होतं. पण मुलाला ते नाव लागलं की बहिणीचं लग्न, वडिलांची पत, सगळ्यावर त्याचा डाग पडणार, ही भीती मोठी होती. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण 2015-16 मध्ये बारा राज्यांत झालं, महाराष्ट्र त्यात नव्हता. उपचारांची गरज असून ते न मिळणाऱ्यांचं प्रमाण वेगवेगळ्या आजारांत 70 ते 92 टक्के निघालं. एकीकडे आपण ‘येरवड्याला पाठवा’, ‘ठाण्याला न्या’ असं ज्याला त्याला बोलता बोलता म्हणतो, ‘मला ओसीडी आहे’, ‘बॉस बायपोलर आहे’ असं सहज बोलून जातो. दुसरीकडे खऱ्या आजाऱ्यांतले बहुतेक डॉक्टरपर्यंत पोचत नाहीत. मला या दोन गोष्टी एकाच घरातून आलेल्या दिसतात. नाव इतक्या सैलपणे आणि इतक्या तुच्छतेनं वापरलं जातं, म्हणूनच ज्याला त्याची गरज असते त्याचं घर ते नाव तोंडातून काढत नाही.

माझा पुतण्या पुण्यात आयटीत आहे. त्याचा मुलगा तीन वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हता, हाक मारली तर वळत नव्हता. ऑटिझमचं निदान झालं. त्या दिवशी दोघं नवराबायको खूप रडली. पण त्या निदानामागून बरंच काही आलं. वाचा उपचार सुरू झाले, शाळेला लिहून देता आलं, आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात मान्य केलेल्या 21 प्रकारांत ऑटिझम येत असल्यानं प्रमाणपत्र आणि सवलतींचा मार्ग मोकळा झाला. मुलगा आता वाक्यं बोलतो. हे सगळं वाचता वाचता पुतण्या एकदा म्हणाला, “आत्या, भाऊआजोबा स्पेक्ट्रमवर होते बघ. सगळं जुळतं.” त्यानं ते प्रेमानं म्हटलं. कदाचित बरोबरही असेल. पण काकांना जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती, आणि असते तरी त्या नावामागून त्यांच्याकडे काय येणार होतं? नातवाला त्या नावानं एक दार उघडून दिलं. आजोबांना ते फक्त एका खणात ठेवून देतं. कौटुंबिक न्यायालयातल्या त्या मुलीच्या बाबतीत तर त्याच जातीच्या नावानं दार बाहेरून लावून घेतलं.

म्हणून नाव द्यावं की देऊ नये, हा प्रश्न मला अपुरा वाटतो. नावामागून मदत येते की हकालपट्टी, आणि ते नाव त्या माणसाच्या कामी येतं की इतरांच्या, हे आधी पाहायला हवं. आपल्या 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं तिसरं कलम याच दिशेनं जातं. उपचाराशी थेट संबंध असल्याखेरीज किंवा कायद्यानं सांगितलेल्या बाबींखेरीज कोणालाही मनोरुग्ण ठरवू नये. समाजात रूढ असलेली नैतिक, सामाजिक, राजकीय किंवा धार्मिक मूल्यं कोणी पाळत नाही, एवढ्यावरून त्याला आजारी ठरवू नये. पूर्वी कधी उपचार घेतले होते, एवढंही कारण पुरेसं नाही. इतकं स्वच्छ लिहिलेलं कलम असताना पाच दिवसांच्या झोपेच्या गोळीची चिठ्ठी पुरावा म्हणून जोडायला कोणी धजावू नये. पण हे कलम विवाहाच्या खटल्यांत फारसं कोणी वाचून दाखवत नाही.

डॉक्टरांमध्येही या बाबतीत एकमत नाही. अमेरिकी निदानपुस्तिकेच्या चौथ्या आवृत्तीत जिवलगाच्या मृत्यूनंतर पहिले दोन महिने दुःखाला सहसा नैराश्याचा आजार म्हणू नये, अशी सूट होती. 2013 च्या पाचव्या आवृत्तीत ती काढली गेली, आणि त्यावर सर्वांत कडाडून टीका केली ती चौथ्या आवृत्तीच्या कामाचे प्रमुख असलेल्या ॲलन फ्रान्सिस यांनी. सूट काढणाऱ्यांची बाजूही पोकळ नव्हती. शोकातच काही माणसं खोल आजारात जातात आणि ‘दुःखच आहे, जाईल’ म्हणून दुर्लक्षित राहतात. मनाच्या आजारांसाठी रक्ताची तपासणी नाही, मोजायला पट्टी नाही. निरखणं, ऐकणं आणि थांबणं यांवरच सगळी मदार, आणि सरकारी बाह्यरुग्ण विभागात एका रुग्णाला वाट्याला येणारी मिनिटं हाताच्या बोटांवर मोजता येतात.

आमच्याकडची माणसं मी ज्यांच्याकडे पाठवायचे, ते मानसोपचारतज्ज्ञ पहिल्या भेटीत फार क्वचित निदान लिहीत. जिवाला धोका दिसला तर गोष्ट वेगळी, तेव्हा ते त्याच दिवशी दाखल करून घेत. एरवी कागदावर तक्रारी लिहायच्या, झोप, भूक, काम विचारायचं, कधीपासून हे विचारायचं, सोबतच्या नातेवाइकांना बाहेर बसवून त्या माणसाला स्वतःला काय त्रास होतो ते विचारायचं आणि तीन आठवड्यांनी बोलवायचं. नातेवाईक चिडत. इतक्या लांबून आलो, पैसे मोजले, आणि डॉक्टर आजाराचं नावसुद्धा सांगत नाहीत. काही दुसरीकडे जात. बाकीचे परत येत, तेव्हा अनेकदा त्यांनीच मांडलेल्या तक्रारींतल्या निम्म्याअधिक त्यांना आता आठवत नसत. आणि ज्यांच्या तक्रारी तीन आठवड्यांत वाढलेल्या असत, त्यांच्या कागदावर डॉक्टर नाव लिहीत आणि त्याच दिवशी औषध सुरू करत.